कमरेचे शस्त्र आणि त्यावरचा ताबा : वाचकांच्या शंका

मागील अंकात शस्त्र परवान्याच्या अर्जाविषयी माहिती दिली होती. त्यानंतर बेळगाव शहर, निपाणी, खानापूर आणि उचगाव परिसरातून बरीच पत्रे आली. बहुतेकांनी पहिला प्रश्न विचारला आहे तो ‘कोणते घ्यावे’ हा. तो रास्त आहे, मात्र त्याच्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न असा आहे की घेतलेले शस्त्र अंगावर, गाडीत आणि घरात असताना प्रत्येक क्षणी कोणाच्या ताब्यात राहणार आहे. पुढील उत्तरे याच दृष्टीने दिली आहेत.

प्रश्न : माझे सराफीचे दुकान आहे. परवाना मंजूर होण्याच्या मार्गावर आहे. रात्री दुकान बंद करून घरी जाताना बाहेरून दिसणार नाही असे शस्त्र जवळ ठेवायचे आहे. पिस्तूल घ्यावे की रिव्हॉल्वर? इंटरनेटवर सर्वत्र ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची शिफारस आढळते.
— एक सराफ, शहापूर, बेळगाव

उत्तर : प्रथम ९ मिलिमीटरविषयी. आपल्या देशात त्या मापाचे पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’ (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) या वर्गात मोडते आणि सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ते घेता येत नाही. त्यामुळे परदेशी याद्या आणि चित्रफिती सरळ बाजूला ठेवाव्यात. आपल्यासमोर व्यवहारात निवड असते ती मुख्यतः पॉइंट ३२ बोअरच्या रिव्हॉल्वर आणि पिस्तुलांत. दुकानात दोन्हींना ‘बत्तीस’च म्हणतात, परंतु दोन्हींची काडतुसे एक नव्हेत. रिव्हॉल्वरचे काडतूस लांब असते व त्याच्या बुडाची कड ठळकपणे बाहेर आलेली असते; पिस्तुलाचे आखूड असते आणि त्याची कड जेमतेम जाणवते. ‘बत्तीसच आहे ना, चालेल’ असे म्हणून एकाचे काडतूस दुसऱ्यात घालणे अत्यंत धोक्याचे आहे. खोक्यावरचा मजकूर आणि शस्त्रावर कोरलेला मजकूर जुळतो की नाही, हे प्रत्येक खरेदीच्या वेळी स्वतः पाहावे.

ज्यांनी पूर्वी शस्त्र हाताळलेले नाही आणि ज्यांना नियमित सराव करणे जमणार नाही, त्यांनी रिव्हॉल्वर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. याचे कारण नेमकेपणा किंवा ताकद हे नाही. रिव्हॉल्वर उघडले की काडतुसांची सहाही घरे एका नजरेत दिसतात. भरलेले किती आणि रिकामे किती, यात संशयाला जागा राहत नाही. पिस्तुलाचे तसे नसते. मॅगझिन (काडतुसांची सुटी पेटी) काढून हातात घेतले तरी नळीच्या मागच्या चेंबरमध्ये, म्हणजे झाडायचे काडतूस बसते त्या जागेत, एक काडतूस राहिलेले असू शकते आणि बाहेरून ते कळत नाही. ‘मॅगझिन काढले, आता रिकामे आहे’ या समजुतीने आजवर कितीतरी घरांत माणसे जखमी झाली आहेत. पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो कधीही उलटा करू नये. नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, बोट ट्रिगरपासून दूर असावे, आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) पूर्ण मागे ओढून तेथेच अडकवावी आणि चेंबर डोळ्यांनी पाहावे. अंधार असेल तर करंगळीचे टोक घालून चाचपावे. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून निवृत्त झालेले अनेक जण आहेत. शस्त्र उघडणे, तपासणे आणि सफाई करणे ही शिस्त त्यांच्या हातात मुरलेली असते. अशांनी पिस्तूल घेतले तर माझी हरकत नाही.

वजनाचाही विचार करावा. २०१४ मध्ये बाजारात आलेले कानपूरचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे, तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेले ‘प्रबळ’ सुमारे ७०० ग्रॅमचे. हलके शस्त्र दिवसभर कमरेला जाणवत नाही, मात्र झाडताना त्याचा झटका हाताला अधिक बसतो. जड शस्त्राचे नेमके याच्या उलट. ‘निर्भीक’ मधोमध मोडून उघडते, ‘प्रबळ’चे सिलिंडर (काडतुसांच्या घरांचा फिरता भाग) कुशीला बाहेर येते. ‘प्रबळ’ची जाहिरात ५० मीटरच्या पल्ल्यावर भर देते, पण आपल्यासारख्याने पल्ला पाहून निवड करू नये. स्वसंरक्षणाची वेळ आलीच तर ती दुकानाच्या पायरीवर किंवा घराच्या दारात, चार-पाच पावलांच्या अंतरावर येते. त्याऐवजी मूठ तळहातात पूर्ण बसते का आणि तर्जनीचे पहिले पेर हात न वळवता ट्रिगरवर पोहोचते का, हे पाहावे. ही परीक्षा दुकानदाराच्या परवानगीने, शस्त्र रिकामे असल्याची आपण दोघांनी खात्री केल्यावर आणि नळी भिंतीकडे ठेवूनच करावी.

प्रशिक्षणाकडे केवळ अर्जाला जोडायचा कागद म्हणून पाहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि कर्नाटकात जिल्हा पोलिसांतर्फे नागरिकांसाठी बंदूक प्रशिक्षणाची शिबिरेही घेतली जातात. अशा शिबिरात प्रमाणपत्र मिळाल्यावर पुन्हा विचारून पुन्हा करून पाहणारा माणूसच पुढे सुरक्षित परवानाधारक होतो.

प्रश्न : मी तंबाखूचा व्यापारी आहे. वडील बंडीच्या आतल्या खिशात रिव्हॉल्वर ठेवत असत. मीही तसेच ठेवतो. एका परिचिताने ते चुकीचे आणि बेकायदा असल्याचे सांगितले. ते खरे आहे का? मोटारसायकलवर आणि गाडीत कसे ठेवावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या परिचिताचे म्हणणे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतील नियम ३२ सांगतो की सार्वजनिक ठिकाणी नेताना पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर शरीराला जोडलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या म्यानात) अथवा पाठीवरच्या पिशवीसारख्या साधनात असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. म्हणजे आपल्याकडे शस्त्र झाकून नेणे हे परवानाधारकाचे कर्तव्यच आहे. ते दिसेल असे नेणे, हॉटेलात टेबलावर काढून ठेवणे किंवा बोलता बोलता शर्ट वर करून दाखवणे यामुळे परवाना रद्द होऊन शस्त्र जप्त होऊ शकते. मुठीवर हात ठेवून काढलेला फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

आता बंडीचा खिसा. त्या खिशात आणखी काय असते ते आठवून पाहा : चंची, गुदामाच्या किल्ल्या, घडी केलेली बिले, कधी पेन. यांपैकी कोणतीही कडक वस्तू ट्रिगरच्या कडीत शिरू शकते. खिशाचे कापड मऊ असल्याने बाहेरून लागलेला धक्काही सरळ ट्रिगरपर्यंत पोहोचतो. शिवाय बंडी उतरवून खुंटीला टांगली की शस्त्रही खुंटीवर गेले आणि ताबा संपला. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्वरमध्ये घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असतो. असे शस्त्र दगडी फरशीवर पडले तर ट्रिगरला कोणी हात न लावताही गोळी सुटू शकते. आपल्या वडिलांच्या काळचे रिव्हॉल्वर असेल तर त्यात घोडा अडवणारी सुरक्षा आहे की नाही, हे जाणकार शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून पाहून घ्यावे आणि तोवर घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे.

होल्स्टर असे घ्यावे की ट्रिगरची कडी पूर्ण झाकली जाईल, शस्त्र काढल्यावरही त्याचे तोंड मिटणार नाही आणि उलटे धरून हलवले तरी (अर्थात रिकाम्या शस्त्रासह) शस्त्र खाली पडणार नाही. जाड कातडे किंवा कडक प्लॅस्टिकचे साचेबंद होल्स्टर योग्य; मऊ झालेले जुने कातडे नको, कारण त्याची दुमडलेली कड ट्रिगरवर दाब देते. होल्स्टरला रुंद आणि ताठ पट्टा हवा. धोतर किंवा नाडीच्या पायजम्यावर ते कधीच घट्ट बसत नाही. तशा पोशाखात आत स्वतंत्र पट्टा बांधावा, नाहीतर त्या दिवशी शस्त्र घरीच ठेवावे. स्त्रियांनी पर्समध्ये ठेवायचे असल्यास शस्त्रासाठी वेगळा, बंद होणारा कप्पा असावा व त्यात दुसरी एकही वस्तू नसावी; ती पर्स मंगल कार्यालयातल्या खुर्चीवर ठेवून जेवायला जाता येणार नाही, हे आधीच मान्य करूनच तो मार्ग स्वीकारावा.

बहुतेक अपघात शस्त्र काढताना होतात असा समज आहे. माझ्या मते शस्त्र परत ठेवण्याचा क्षण अधिक धोक्याचा असतो. शर्टाचे टोक, जॅकेटची दोरी किंवा स्वतःचेच बोट ट्रिगरच्या कडीत राहते आणि शस्त्र आत दाबले जाते. म्हणून परत ठेवताना डाव्या हाताने कापड पूर्ण बाजूला करावे, बोट शस्त्राच्या कुशीला सरळ ठेवावे, होल्स्टरच्या तोंडाकडे पाहावे आणि सावकाश आत घालावे. तेथे घाई करण्याचे कोणतेही कारण नसते.

मोटारसायकलवर बसताना शस्त्र पाठीच्या कण्यावर येईल असे ठेवू नये. घसरून पडल्यास तो लोखंडी तुकडा मणक्यावर आदळतो. उजव्या कुशीला, कमरेच्या हाडाच्या थोडे मागे, ही जागा बहुतेकांना सोयीची पडते. गाडीच्या डॅशबोर्डचा खण आणि स्कूटरची डिकी या जागा शस्त्रासाठी नाहीतच. चालकाकडे ‘जरा धर’ म्हणून देणे तर कायद्यानेही अडचणीचे आहे.

प्रश्न : मी बेळगाव तालुक्यात राहतो, पण आमची जमीन महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात आहे. बाची ओलांडून शिनोळीकडे आठवड्यातून दोनदा तरी जाणे होते. माझ्याकडे परवान्याचे रिव्हॉल्वर आहे. ते सोबत नेता येईल का?
— एक शेतकरी, उचगाव परिसर

उत्तर : आपल्यासारख्या सीमाभागातील परवानाधारकांनी सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे परवान्यातील क्षेत्राची नोंद. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे त्यातच लिहिलेले असते. ती नोंद जिल्ह्यापुरती किंवा कर्नाटकापुरती असेल, तर शिनोळीत पाऊल ठेवताच आपला परवाना तेथे लागू राहत नाही; मग शेत आपले असो, नाती आपली असोत किंवा वाट रोजची असो. हीच गोष्ट कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरच्या गुजरीत जाणाऱ्या सराफांना आणि जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्यांना लागू आहे. तपासणीत शस्त्र सापडल्यावर ‘आम्ही इथलेच’ हे उत्तर उपयोगाचे नसते. काम खरोखरच सीमेपलीकडे असेल, तर ज्या अधिकाऱ्याने परवाना दिला त्याच्याकडे क्षेत्रवाढीसाठी कारणासह अर्ज करावा आणि जमिनीचे उतारे जोडावेत. ग्रामीण भागासाठी हे काम डीसी (जिल्हाधिकारी) कार्यालयात होते. शहर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांनी आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी. वाढ मंजूर होऊन तशी नोंद हाती येईपर्यंत शस्त्र घरीच, कुलपात ठेवावे.

याच ओघात निवडणुकांविषयी सांगणे आवश्यक आहे. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. दोन राज्यांच्या विधानसभा निवडणुका एका वेळी होत नाहीत. कर्नाटकाची मे २०२३ मध्ये झाली, महाराष्ट्राची नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्यामुळे दोन्ही राज्यांत वैध परवाना असलेल्याने आपल्या बाजूला शांतता आहे म्हणून पलीकडेही तसेच असेल असे गृहीत धरू नये. बेळगावात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या किंवा तणावाच्या दिवसांत जमावबंदी लागू होते, तेव्हाही शस्त्र घेऊन बाहेर पडण्यापूर्वी आदेशातील मजकूर पाहावा. हे आदेश आणि परवान्याच्या अटी पुष्कळदा कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर संकोच न करता कन्नड जाणणाऱ्या वकिलाकडून किंवा शिक्षकाकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावा आणि मराठीत लिहून परवान्यासोबत ठेवावा. अट समजली नाही, हा बचाव ठरत नाही.

प्रश्न : खंडेनवमीला आम्ही घरातील सर्व शस्त्रे पाटावर मांडून पूजा करतो. घरात लहान मुले आहेत. पिस्तूल पूजेला ठेवावे का?
— एक गृहिणी, चिकोडी

उत्तर : पूजा अवश्य करावी. फक्त परवानाधारकाने स्वतः, दुसऱ्या खोलीत, वर दिलेल्या क्रमाने पिस्तूल पूर्ण रिकामे करावे, मॅगझिन वेगळे ठेवावे, स्लाइड मागे अडकवलेली असावी आणि काडतुसे पूजेच्या खोलीत आणूच नयेत. नळी भिंतीकडे असावी. पाटासमोर घरची माणसे बसतात, त्यांच्याकडे नव्हे. हळद-कुंकू मुठीच्या वरच्या भागाला लावावे, नळीत किंवा चेंबरमध्ये जाऊ देऊ नये, कारण ओलसर कुंकवाने आतून गंज धरतो. पूजा झाली की लगेच पुसून, हलके तेल देऊन कुलपात ठेवावे. सोने लुटण्याच्या गडबडीत ते दसऱ्यापर्यंत पाटावर राहते आणि मुले हाताळतात, हे कदापि होऊ देऊ नये.

मुलांपासून शस्त्र लपवून ठेवणे पुरेसे नसते. मोठ्यांना वाटते त्याहून मुलांना घरातील जागा चांगल्या माहीत असतात. लोखंडी कपाटातील कुलपाचा खण, काडतुसांसाठी दुसरा खण, दोन वेगळ्या किल्ल्या आणि त्या किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर, एवढी व्यवस्था हवीच. समजत्या वयाच्या मुलांना स्वच्छ शब्दांत सांगावे की असे काही दिसले तर हात लावायचा नाही, तेथून निघायचे आणि मोठ्यांना सांगायचे. आनंदाने हवेत गोळ्या झाडण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरीही लिहितो : २०१९ च्या दुरुस्तीपासून समारंभात निष्काळजीपणे गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच.

प्रश्न : रात्री घरात चोर शिरला तर गोळी झाडण्याचा अधिकार मला आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी, जबरी चोरी आणि जिवावरचा हल्ला अशा काही प्रसंगांत तो समोरच्याच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. परंतु कलम ३७ ची मर्यादा त्याच्यासोबतच चालते : संरक्षणासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा अधिकार मिळत नाही. पळून जाणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी संरक्षणासाठी होती, हे न्यायालयाला पटवणे फार कठीण आहे. म्हणून कुटुंबाला एका खोलीत घेऊन दार आतून लावावे, ११२ ला फोन करावा, शस्त्र हाती घेतले तरी नळी खाली ठेवावी आणि मोठ्याने आवाज द्यावा, हा क्रम मी सुचवीन. समोरची व्यक्ती कोण आहे हे ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये; अंधारात पाणी प्यायला उठलेला मुलगाही सावलीसारखाच दिसतो. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. पॉइंट ३२ ची गोळी पातळ दरवाजा सहज भेदते आणि चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या खिडकीतून आत जाते, तेव्हा तिची जबाबदारी झाडणाऱ्याचीच असते.

प्रश्न : वडील नुकतेच वारले. त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्वर कपाटात आहे. खानापूरच्या पावसात ते गंजू लागले आहे. मी ते साफ करून वापरू शकतो का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : वापरू शकत नाही, आणि घरातही ठेवू नये. परवाना वडिलांच्या नावाचा होता. तो त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. ते तसेच कपाटात राहिले तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा आरोप आपल्यावर येतो. जमा केल्यानंतर वारस म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. वय २१ पूर्ण हवे आणि इतर वारसांची संमती जोडावी. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी सांगतो की परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यास किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यास, नियम २५ प्रमाणे हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज होऊ शकतो.

गंजाबद्दल : कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात शस्त्र कातडी होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात बंद करणे हेच गंजाचे मुख्य कारण असते, कारण कातडे ओलावा धरून ठेवते. परवाना आपल्या नावावर होऊन शस्त्र परत मिळाले की ते होल्स्टरबाहेर, कोरड्या सुती कापडात, तेलाचा अगदी पातळ हात देऊन ठेवावे आणि पावसाळाभर दर आठवड्याला रिकामे करून पाहावे. काडतुसांना मात्र तेल लावू नये. ते बुडाच्या टोपीतून आत झिरपते आणि काडतूस निकामी होते. वडिलांच्या वेळची हिरवट डाग पडलेली काडतुसे असतील तर ती स्वतः झाडून किंवा फेकून न देता शस्त्रासोबतच जमा करावीत आणि पावतीवर त्यांची संख्या लिहून घ्यावी.